माझ्या नावचा नवस

प्रभे, तू माझ्या नावानं नवस बोलली होतीस, हे मला तुझ्या तेरवीला कळलं.

जेवणं उरकली होती. मी हात धुऊन पदराला पुसत होते, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या तुझ्या सासूबाईंनी हातानं खुणावलं. मला वाटलं, आता त्या रडतील आणि मग माझंही काही खरं नाही, म्हणून मी आधीच ओठ घट्ट दाबून गेले. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "बाई, पावला का तुमाले देव?"

"कोणता देव, आई?"

"आता कायले लपवता? प्रभानं मले सारं सांगतलं व्हतं. दर शनिवारचे रोडगे म्हंजे तुमचा नवस. पावेपर्यंत घालीन म्हने. पन तुमी देव मानत नाई, लोकं हासतीन, म्हून ते आपल्या हातानं घालून राह्यली. तुमचं मांगनं काय व्हतं ते मातर तिनं सांगतलं नाई. पावल्याबिगर सांगू नये म्हने."

मागं तुझे यजमान बाळाभाऊ उभे होते, डोकं भादरलेलं, पार वाळून गेलेले. ते म्हणाले, "मॅडम, गहू दळून ठेवला हाय. शनिवारचे वांगे तोडू ना? का आता..."

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांना कळलं नसेल. मलाही कळलं नाही.

आता तुला मी काय म्हणू, सांग. जन्मात कधी सत्यनारायणाला वर्गणी न देणारी बाई मी. ग्रहण लागलं की मुद्दाम पोरांना कॉलेजच्या गच्चीवर नेऊन चहा पाजणारी. आणि तिकडं केनवडला तुमच्या मळ्यात सारं घर मला चोरून नवस करणारी म्हणून ओळखत होतं! तुझी नणंद मला पाहून पदराआड का हसायची, ते आत्ता लक्षात येतंय. सासूबाई तुपाची बरणी देताना "हे मॅडमचं वेगळं" असं का म्हणायच्या, तेही आत्ता. मला वाटायचं, काय माया आहे बाई या घरात.

आणि इकडं कॉलेजात तू काय सांगायचीस? "आमच्या सासरचा नवस हाय, साऱ्यांनी जेवाले या." एका शनिवारी नणंदेला दिवस गेले म्हणून, दुसऱ्या शनिवारी सासऱ्याचा मोतीबिंदू उतरला म्हणून, पुढं तर विहिरीला पाणी लागलं म्हणून. मी तुला चिडवायचे, "प्रभे, तुझ्या सासरच्यांनी देवाला पार गडी करून टाकलंय, त्याला सुट्टी दे जरा." तू पोट धरून हसायचीस. का हसायचीस ते मला ठाऊक नव्हतं. त्यांना माझं नाव, मला त्यांचं नाव, आणि मध्ये तू आरामात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजत बसलेली. बाप्पा, काय बाई होतीस तू!

तर गेला आठवडा मी या घोळात काढला. खरं सांगून टाकावं, की आई, माझा नवस-बिवस काही नव्हता, तर मेल्यामागं तुला त्या घरात खोटारडी ठरवणार मी. शिवाय नवस नाही तर गहू कशाला आणि वांगी कशाला? म्हणजे पोरापोरींचं शनिवारचं जेवण बंद. आणि गप्प बसावं, तर आयुष्यभर जे बोलत आले त्यावर पाणी. तू असतीस तर तुलाच येऊन विचारलं असतं. तुलाच विचारायची सवय लागली आहे, प्रभे. तू सांगितलेलं ऐकायचे नाही हा भाग वेगळा.

तुला आठवतं का, हे सुरू कुठून झालं? माझ्या प्रात्यक्षिकात रेणुका पडली तिथून. जऊळक्याकडच्या तांड्यावरची पोर, दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला जायचे आणि ही इथं वाशीमला तीन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. हातात काचेची नळी होती, ती फुटली, आणि ही ओट्याखाली. पाणी मारलं, उठवली. विचारलं तर म्हणाली, "उपास हाय मॅडम." मी म्हटलं, परवाही उपास होता तुझा. "परवा गुरुवार व्हता मॅडम, आज शनिवार." झालं! मी तिथल्या तिथं साऱ्या वर्गाला उपासावर भाषण दिलं. शरीराला साखर लागते, देवाला नाही, वगैरे वगैरे. फार जोरकस झालं होतं भाषण.

स्टाफरूममध्ये येऊन तुला तेच ऐकवलं, तर तू डबा खाता खाता थांबलीस. म्हणालीस, "नंदे, उपास केला तर तो सोडा लागते. ते पोट्टी कायच्यावर सोडते, पुसलं का तू?"

मी पुसलं नव्हतं. मग आपण दोघी बघायला लागलो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळे वार कोणी ना कोणी धरलेले. साबुदाणा नाही, भगर नाही, नळाला तोंड लावून पाणी प्यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बसायचं. देवाच्या नावाखाली भूक झाकलेली. आपल्याकडं उपासाला कोणी हटकत नाही ना. मी सोडून.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. तेव्हाच्या प्राचार्यांच्या मागं लागून कॅन्टीनमध्ये मोफत जेवणाची सोय करून घेतली. गरजूंनी अर्ज द्यावा, सोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा. मला वाटलं, रांग लागेल. एकच अर्ज आला, तोही त्या विक्याचा, ज्याच्या बापाचं खताचं दुकान आहे आणि जो बुलेटवर येतो. बोलावून विचारलं तर म्हणतो, "फुकट हाय म्हून भरला मॅडम, काई चुकलं का?" त्याच्यावर तरी काय रागवायचं? तू हसून हसून लाल झालीस. नंतर गंभीर होऊन एवढंच म्हणालीस, "भुकेचा दाखला तलाठी देते का वं?"

आणि पुढच्या शनिवारी मैदानामागच्या कडुलिंबाखाली गोवऱ्या येऊन पडल्या. बाळाभाऊ माल घेऊन वाशीमला यायचेच, त्याच गाडीतून पीठ, वांगी, तुरीची डाळ उतरली. तू प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलंस, आमच्या घरचा नवस फिटला, रोडगे हायेत, नवसाच्या जेवनाले नाई म्हनू नये.

आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. रोडग्याचं आवतन आलं की मोठा माणूस असो की लहान, जमिनीवर बसून जेवतो. जेवणारा उपकार घेत नाही, उलट तो जेवला नाही तर घालणाऱ्याचा नवस अपुरा राहतो. प्राचार्य आले, हेडक्लार्क आले, विक्या आला. आणि रेणुका आली. कणीक तिंबायला घेतली तिनं स्वतःहून. पोळीत पोळी घालून गोळा कसा वळायचा ते तिनं मला दाखवलं, मी वळलेला निखाऱ्यावर फुटला तर माझ्यावर हसली. पोरं गोवऱ्या रचत होती, धुरानं डोळे चोळत होती. कोण कोणाला जेवू घालतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. जेवताना ती शनिवारचा उपास विसरली. मीही आठवण करून दिली नाही.

उरलेले रोडगे तू कागदात बांधून ज्याच्या त्याच्या हातात कोंबलेस. "प्रसाद हाय, टाकून जाऊ नका." रोडगा दोन दिवस टिकतो. म्हणजे शनिवारचं जेवण सोमवारपर्यंत जायचं. हा हिशेब तू आधीच केला होतास का गं? मी कधी विचारलं नाही.

मला तुझा तो तास आठवतो. खडकांचे थर शिकवायला तू कपाटातला नमुना न नेता शिळा रोडगा नेलास, आणि तो फोडून पदर न् पदर दाखवलास. हा खालचा जुना, हा वरचा नवा, हा दाबानं वाकलेला. तास संपेपर्यंत सारे थर पोरांनी खाऊन टाकले होते. मी दारातून बघत होते. परीक्षेत एकानं रोडग्याचीच आकृती काढली आणि तू त्याला पूर्ण गुण दिलेस, त्यावरूनही आपण भांडलो.

भांडलो तर आपण कशावरून नाही! पण हे एक भांडण अजून माझ्या घशात अडकलंय. मी म्हणत होते, शिकणाऱ्या पोराला जेवण मिळणं हा त्याचा हक्क आहे. वर्ग, फळा, वाचनालय जसं कॉलेज देतं, तसं एक वेळचं ताट द्यावं. त्यासाठी देवाला मध्ये आणून तू पोरांना मिंधं करतेस, आणि अंधश्रद्धाळूही. तू म्हणायचीस, "हक्क तर हायेच. पन मांगाले तोंड उघडा लागते ना. ह्या पोट्ट्याईले मांगता येत नाई, बाई. आईबापानं शिकवलंच नाई. मी मांगू देत नाई त्याईले, बस्स." मी म्हणायचे, शिकवू की मागायला. तू म्हणायचीस, "शिकव. पन तोवर जेवू दे."

एकदा मी फार चिडून विचारलं होतं, "शनिवारी तुझा देव जेवू घालतो, मग मंगळवारी कुठं जातो तो?" तू चिडली नाहीस. म्हणालीस, "शनिवार माहा. बाकीचे दिवस तुहे. चालव ना तुहा हक्क."

मला त्या वेळी ते टोचलं होतं. आज वाटतं, तू टोचायला म्हणाली नसशील. किंवा असशीलही. तुझं काही सांगता येत नाही.

आणि करुणाचं? तिचं उत्तर तू मला दिलंच नाहीस. इंझोरीची ती सडपातळ पोर, मामाकडं राहून शिकणारी. बौद्ध घरातली, घरात नवस-सायास कोणी करत नाही, नवसाचं कोणी खात नाही. मी तुला म्हटलं होतं, "बघ, तुझ्या नवसानं एक पोर बाहेर राहिली. उपाशी पोर, आणि जेवण समोर असून तिला येता येत नाही. माझ्या हक्काच्या ताटावर ती बसली असती." तू गप्प झालीस. तुला गप्प झालेली मी क्वचितच पाहिली, म्हणून मला जिंकल्यासारखं वाटलं. पुढच्या शनिवारी बघते तर करुणा पातेल्यापाशी उभी, वरणाला फोडणी देत. तू तिला म्हणाली होतीस म्हणे, "नवसाचं खाऊ नको, पन माह्या हातानं वरन बिघडते, तेवढं करून दे." तेव्हापासून वरण तिचं. पण तिनं कधी ताट घेतलं नाही. "मी घरी जाऊन जेवतो मॅडम," म्हणायची. घरी काय असायचं कोण जाणे. तू तिच्या पिशवीत डाळ-तांदूळ घालायचीस, मजुरी म्हणून. ते तिनं घेतलं. मग बरोबर कोण होतं, प्रभे, तू की मी? साऱ्यांना वरण वाढून ती पातेल्याशी बसून राहायची आणि आपण दोघी तिच्याकडं न बघता जेवायचो.

अकोल्याच्या दवाखान्यात तुला शेवटची भेटले, तेव्हा तुझ्या हाताला सुया टोचलेल्या होत्या आणि आवाज निघत नव्हता. मी आजाराबद्दल काय काय विचारत होते. तू म्हणालीस, "शनिवारचं कसं करशीन?" मी म्हटलं, आधी तू बरी हो. तर तू डोळे मिटूनच म्हणालीस, "तुह्याच नवसाचं हाय. तूच कर." मला वाटलं, औषधांची गुंगी आहे, बरळते आहे. नर्सलाही तसंच सांगितलं. तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि बस चुकेल म्हणून निघाले. आणखी थोडं बसले असते तर तू सारं सांगितलं असतंस का? मला नाही वाटत. तू गालात हसली होतीस निघताना, एवढं आठवतं.

आता गंमत ऐक. तू गेलीस त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं आदळआपट केली, ते. गरजू विद्यार्थ्यांसाठी दुपारचं जेवण सुरू करावं, कॉलेजनं समिती नेमावी, लाभार्थी निवडावेत, छायाचित्रांसह अहवाल पाठवावा. समितीची अध्यक्ष मी. माझा हक्क सरकारी शिक्क्यासह माझ्या टेबलावर येऊन पडला आणि तो दाखवायला तू नाहीस. मला आनंद व्हायला हवा होता. मी पत्र घेऊन सवयीनं तुझ्या खुर्चीकडं वळले, आणि मग खूप रडले. शिपाई घाबरून पाणी घेऊन आला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी रेणुकानं जिन्यात गाठलं. बातमी आधीच फुटली होती. "मॅडम, ते जेवनाचं... फोटो काढतीन का?"

"का गं?"

"नाई, तसं काई नाई. तांड्यावर मोबाईलवर सारं दिसते. बाबा म्हनतीन, आमी तिकडं मरमर करतो आन् हे भीक मांगून राह्यली." मग घाईघाईनं म्हणाली, "मले नाई लागत मॅडम, मी आपलं इचारलं." आणि दोन दोन पायऱ्या उतरून पळाली.

समितीची बैठक झाली. नवे प्राचार्य भले आहेत, तुला आवडले असते. त्यांनी विचारलं, "मॅडम, निवड कशी करायची? निकष सांगा." माझ्याकडं निकष तयार होते, तुला माहीतच आहे, कधीपासून तयार होते. मी तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, "निवड नको सर. जो येईल तो जेवेल. तुम्ही जेवायचं, मी जेवायचं, विक्यानं जेवायचं. पोरांनी पाळीपाळीनं रांधायचं. फोटो भरल्या पातेल्याचे काढा, जेवणाऱ्यांचे नकोत. विद्यापीठानं गहू द्यावा, डाळ द्यावी, गॅस द्यावा, पण कोणाच्या पोटात काय आहे ते पुसू नये."

"साऱ्यांना पुरेल का पण?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही गं. उद्या तिथं नुसतीच बुलेटवाली पोरं येऊन बसली तर? किंवा विद्यापीठ म्हणालं, यादी द्या, नाहीतर पैसे परत करा, तर? प्राचार्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, तसं लिहून विचारून बघू, तोवर सोमवारपासून जमेल तसं सुरू करा. आपलीच बाजू जिंकली की हरली, हे न कळणारी मी पहिलीच अध्यक्ष असेन. बाकीचे दिवस माझे म्हणाली होतीस ना? घे, लागले ते माझ्या मागं. पण त्यात सारं तुझंच भरलंय.

उरला शनिवार. तो मी कालपर्यंत टाळत होते. कॉलेजचं जेवण सुरू होणारच आहे, मग नवस कशाला हवा, असं मनाला सांगून बघितलं. मन ऐकेना. पत्रं येतात तशी बंदही होतात. एक प्राचार्य बदलला की योजना बदलते. सासूबाईंचा गहू तेवढा कोणाच्या सहीवर अडत नाही. शेवटी काल रात्री बाळाभाऊंना फोन केला आणि फक्त "तोडा वांगी" म्हणून ठेवून दिला. नवसाबद्दल चकार शब्द काढला नाही.

आज सकाळी गाडी आली. बाळाभाऊंनी पोतं उतरवलं, वांग्यांची टोपली उतरवली, तुपाची बरणी माझ्याच हातात दिली. म्हणाले, "आईनं पुसलं हाय, मॅडम. पावला का? तेरवीले तुमी काई बोल्ल्याच नाई." मी म्हटलं, जाताना सांगते.

गोवऱ्या पेटल्या. तुझी जागा, तो कडुलिंबाचा बुंधा, कोणी तिथं बसलं नाही. मी पीठ तिंबायला घेतलं तर रेणुकानं माझ्या हातातून परात ओढली, "तुमचा फुटते मॅडम." तेवढ्यावर सारे थोडे हसले. रोडगे राखेतून निघाले, कपड्यानं झाडून तुपात बुडवले, पंगत बसली. आणि रेणुकानं विचारलं, जे दर शनिवारी कोणी ना कोणी विचारायचं.

"मॅडम, आज कोनाचा नवस हाय?"

इतकं साधं. आठवडाभर मी ज्याच्याभोवती फिरत होते ते. मी बघितलं, सारी तोंडं माझ्याकडं.

"माझा," मी म्हटलं.

विक्याच्या हातातला द्रोण कलंडला. "तुमचा? मॅडम, तुमी अन् नवस? ग्रहनात चहा पाजनाऱ्या तुमी?" पोरं खो खो हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही, धुराचं म्हणून मी ते पुसलं नाही.

हसली नाही ती एक करुणा. पातेल्यापाशी पळी धरून उभी होती. ती पोर फार थोडं बोलते, पण बोलते ते नेमकं. म्हणाली, "पन तुमी तर देव मानत नाई मॅडम. मंग नवस केला कोनाले?"

प्रभे, तुझी शपथ, मी काही जुळवून आणलेलं नव्हतं. खोटं तर आता करुणासमोर बोलवेना. मी त्या रिकाम्या बुंध्याकडं बघितलं आणि तोंडून आपोआप निघालं, "प्रभामॅडमला."

गोवरीचा तुकडा निखाऱ्यात ढासळला.

"काय मांगतलं मंग?" करुणानं विचारलं.

"पावल्याशिवाय सांगू नये."

तिनं पळी पातेल्यावर आडवी ठेवली, ओढणीला हात पुसले, आणि पंगतीच्या टोकाला, रेणुकाच्या शेजारी, मांडी घालून बसली. समोर पत्रावळ ओढून घेतली.

"मंग मले वाढा, मॅडम," ती म्हणाली.

मी वाढलं. वरण पत्रावळीबाहेर गेलं. रोडगा मीच कुस्करून दिला, वर सासूबाईंचं तूप घातलं. ती जेवली, प्रभे. साऱ्यांसमोर, सावकाश, बोटं चाटून जेवली. म्हणाली, वरन जरासं खारट झालं आज. मी म्हटलं, तूच केलंस. हे बघायला तू हवी होतीस, प्रभे. आपल्या त्या भांडणात कोण बरोबर होतं हे मला अजूनही कळलेलं नाही, आणि आता कोणाशी भांडून ठरवू तेही कळत नाही.

दुपारी बाळाभाऊ रिकाम्या टोपल्या गाडीत टाकून उभे राहिले. "मॅडम, आईले काय सांगू?"

"सांगा, अजून पावला नाही," मी म्हटलं. "आणि पुढच्या शनिवारी वांगी जरा जास्त लागतील. एक ताट वाढलंय."